अमेरिकेतील मोबाइल क्रमांक इंटरनेटवर नेऊन कोल्हापुरातून मेसेजसाठी वापरता येईल का?

राजारामपुरीकर

सर्वांना नमस्कार. न्यू जर्सीतील एडिसन येथे ११ वर्षे नोकरी करून मी गेल्या वर्षी सहकुटुंब कोल्हापूरला कायमचा परत आलो. बाकी सर्व घडी नीट बसली आहे. माझा तेथील मोबाइल क्रमांक तेवढा अजून मार्गी लागलेला नाही. तो ई-सिमच्या रूपाने माझ्या फोनमध्ये भारतीय सिमच्या शेजारी चालू आहे. घरात वाय-फाय कॉलिंगमुळे (मोबाइल टॉवरऐवजी वाय-फायवरून चालणाऱ्या सोयीमुळे) त्यावरचे मेसेज मिळतात, परंतु भाजी आणायला कपिलतीर्थ मंडईत गेलो की तो मुका होतो, आणि एवढ्यासाठी दरमहा २५ डॉलर मोजणे आता जिवावर येते.

क्रमांक सोडून देणेही सोपे नाही. दोन बँका, निवृत्तिवेतनाचे एक खाते आणि कर भरून देणारे सल्लागार यांच्याकडे तोच नोंदलेला आहे. शिवाय तेथील शेजारीपाजारी आणि मुलीच्या मैत्रिणींचे पालक व्हॉट्सॲप फारसे वापरत नाहीत. त्यांचा सारा व्यवहार साध्या मेसेजवर चालतो. क्रमांक गेला तर त्या माणसांशी असलेला धागाच तुटेल, असे मला वाटते.

असा क्रमांक गूगल व्हॉइससारख्या इंटरनेट सेवेकडे पोर्ट करता येतो, म्हणजे तोच क्रमांक तिकडे नेता येतो, आणि मग सिमशिवाय, केवळ ॲपमधून मेसेज घेता आणि पाठवता येतात, असे ऐकले आहे. हे कोल्हापुरात बसून विनासायास चालते का, बँकांचे ओटीपी त्यावर येतात का, आणि येथील नातेवाइकांनाही त्यावरून मेसेज पाठवता येतील का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. घराच्या विक्रीच्या कागदपत्रांसाठी मी पुढील महिन्यात दोन आठवडे एडिसनला जाणार आहे. तेव्हा तेथेच काही करून घ्यायचे असल्यास तेही सांगावे.

तारायंत्र

राजारामपुरीकर साहेब, माझी सारी नोकरी दूरसंचार क्षेत्रात गेली, म्हणून आधी यंत्रणा कशी चालते ते सांगतो. ती ध्यानात आली की पुढचे निर्णय आपले आपल्याला घेता येतील.

सिमवरच्या क्रमांकाला पाठवलेला मेसेज मोबाइल कंपनीच्या मेसेज केंद्रात येऊन थांबतो आणि आपला फोन जाळ्यात सापडला की त्याच्याकडे रवाना होतो. इंटरनेट क्रमांकाचा पत्ता मात्र कोणत्याही फोनचा नसतो, तो सेवादात्याच्या सर्व्हरचा असतो. मेसेज तेथे उतरतो आणि ॲप तो इंटरनेटवरून आपल्यापर्यंत आणते. त्यामुळे आपण एडिसनमध्ये आहात की रंकाळ्यावर फिरायला गेला आहात, याने काहीच फरक पडत नाही. मोबाइल डेटा चालू असला म्हणजे झाले. तोच मेसेज संगणकावर ब्राउझरमध्येही वाचता येतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

गूगलने ग्रँडसेंट्रल नावाची कंपनी २००७ साली विकत घेतली आणि तिची सेवा २००९ पासून गूगल व्हॉइस या नावाने चालवली. वैयक्तिक वापरासाठी ती विनामूल्य आहे, परंतु ती केवळ अमेरिकेतील लोकांना मिळते आणि ती सुरू करताना तेथील चालू क्रमांकावर येणारा कोड द्यावा लागतो. एकदा सुरू झाली की परदेशातून वापरण्यास अडचण नसते. म्हणून पोर्टिंगचे काम आपल्या त्या दोन आठवड्यांतच, तेही पहिल्या तीन-चार दिवसांत उरकून घ्यावे, म्हणजे काही अडले तर हाताशी वेळ राहील. मोबाइल क्रमांक तेथे नेण्याचे शुल्क एकदाच २० डॉलर आहे.

एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण यात लोकांचे क्रमांक कायमचे गेलेले मी पाहिले आहेत. पोर्ट पूर्ण होण्याआधी जुनी सेवा स्वतःहून बंद करू नये. चालू असलेला क्रमांकच पोर्ट होतो. बंद केलेला क्रमांक कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. आपल्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि पोर्टिंगसाठीचा पिन मागून घ्या, तो नव्या सेवेत भरा आणि वाट पाहा. पोर्ट झाले की जुनी लाइन आपोआप बंद होते. कॉल आधी सुरू होतात आणि मेसेज सुरू व्हायला त्यानंतर आणखी काही दिवस लागू शकतात, तेव्हा त्या मधल्या दिवसांत कोणताही बँक व्यवहार ठेवू नये.

फोनमधील नेहमीच्या मेसेज ॲपमध्ये हे मेसेज दिसत नाहीत. त्यांची पेटी वेगळी असते. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीवरची ॲप झोपवून टाकतात, आणि मग चार तासांपूर्वीचा मेसेज ॲप उघडल्यावरच कळतो. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे. मेसेजची प्रत ईमेलवर येण्याची सोयही आहे. ती चालू ठेवली तर सूचना हुकली तरी मजकूर हुकत नाही.

आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर नकारार्थी आहे. गूगल व्हॉइसवरून मेसेज केवळ अमेरिका आणि कॅनडातील क्रमांकांना पाठवता येतात. येथील नातेवाइकांसाठी भारतीय सिमच वापरावे लागेल, आणि ११२ वर आपत्कालीन कॉल करण्यासाठीही तेच.

पंचगंगाकाठ

तारायंत्र काकांनी यंत्रणा उत्तम समजावली आहे. ओटीपीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्यात मी स्वतः होरपळून निघाले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्हीही काही वर्षे तेथे राहून परतलो आणि मी माझा क्रमांक अशाच एका इंटरनेट सेवेकडे नेला. मैत्रिणींचे मेसेज सुरळीत येत होते, त्यामुळे सारे काही जमले आहे अशा समजुतीत मी दीड वर्ष काढले. मग मुलाच्या विद्यापीठाचे शुल्क भरण्याच्या शेवटच्या दिवशी नव्या लॅपटॉपवरून बँकेत लॉगिन केले आणि बँकेने त्या क्रमांकावर कोड पाठवल्याचे सांगितले. कोड येईना. घरात रेंज कमी असेल म्हणून मी गच्चीवर जाऊन उभी राहिले, फोन दोनदा बंद करून चालू केला, पुन्हा पुन्हा कोड मागितला. शेवटी शंका फेडून घेण्यासाठी तेथील मैत्रिणीला एक मेसेज टाकायला सांगितला, तर तो मी वाक्य पूर्ण करायच्या आत फोनवर वाजला. म्हणजे फोन, ॲप, इंटरनेट सर्व ठीक होते; केवळ बँकेचाच मेसेज येत नव्हता.

ग्राहक सेवेला फोन केल्यावर कळले की त्यांच्या नोंदीत माझा क्रमांक आता मोबाइल प्रकारात राहिलेला नव्हता, आणि सुरक्षेच्या कारणास्तव इंटरनेट क्रमांकांना ते कोड पाठवत नाहीत. कोणता क्रमांक सिमवर आहे आणि कोणता इंटरनेटवर, हे बँकांना तपासता येते आणि पोर्ट झाल्यावर ही नोंद बदलते. त्यांच्या बाजूने विचार केला तर ते समजण्यासारखे आहे, कारण फसवणूक करणारे लोक असे क्रमांक ढिगाने घेतात. पण मला त्यांनी सुचवलेला पर्याय होता नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने कोड पाठवण्याचा, आणि तो पत्ता होता आम्ही सोडून आलेल्या भाड्याच्या घराचा. शुल्क त्या रात्री माझ्या दिरांनी भरले. खाते मात्र पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की पोर्टिंगचा अर्ज करण्याआधी, जुना क्रमांक चालू असतानाच, प्रत्येक खात्यात लॉगिन करून पडताळणीची दुसरी पद्धत लावून घ्यावी. ऑथेंटिकेटर ॲपचा पर्याय असेल तर तो सर्वांत चांगला, कारण त्यातील सहा अंकी कोड फोनमध्येच तयार होतो, दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्यासाठी मेसेज किंवा नेटवर्क काहीच लागत नाही. काही ठिकाणी पासकी (पासवर्डऐवजी चालणारी, फोनमध्ये साठवलेली किल्ली) किंवा सुरक्षा किल्ली (फोनला वा संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) हीही चालते. पत्ता आणि ईमेलही त्याच वेळी तपासून घ्यावेत. एखादी संस्था मेसेजशिवाय दुसरे काही देतच नसेल, तर तिच्यासाठी सिमवरचा क्रमांक ठेवणे भाग आहे. वाय-फाय कॉलिंग देणारा एखादा कमी दराचा प्रीपेड प्लॅन घेऊन ते भागवता येते, आणि तो क्रमांक मोबाइल म्हणूनच नोंदलेला राहतो.

आणखी एक. हे सर्व मेसेज आता तुमच्या गूगल खात्याच्या कुलपात असणार आहेत. त्या खात्याचा पासवर्ड विसरल्यास लागणारा क्रमांक म्हणून हाच इंटरनेट क्रमांक देऊ नये, नाहीतर तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहील. तेथे तुमचा भारतीय क्रमांक द्यावा.

चप्पल लाईन

मी धंद्याच्या बाजूने लिहितो. आमचा कोल्हापुरी चपलांचा व्यवसाय आहे आणि अमेरिकेतील ग्राहकांसाठी मी तेथील एका सेवादात्याकडून दरमहा भाड्याने घेतलेला इंटरनेट क्रमांक वापरतो. केवळ बोलणे आणि मेसेज यांसाठी या सोयीसारखी दुसरी सोय नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. तिकडच्या ग्राहकाला भारतातला क्रमांक दिसला की तो उत्तर द्यायला कचरतो. त्याच्या ओळखीच्या धाटणीचा क्रमांक दिसला की लगेच मोकळेपणाने लिहितो.

मात्र मराठी माणसाला जाणवेल अशी एक बाब आहे. मेसेजमध्ये केवळ इंग्रजी अक्षरे असतील तर एका मेसेजमध्ये १६० खुणा मावतात. त्यात देवनागरीचे एक अक्षर किंवा एखादी इमोजी आली, की संपूर्ण मेसेजची मर्यादा ७० वर येते, आणि तो लांबल्यास प्रत्येक तुकड्यात ६७ खुणाच बसतात. माझा ठरलेला मजकूर १५० खुणांचा होता आणि तो एकाच मेसेजमध्ये जात असे. मराठी ग्राहकांसाठी मी त्याच्या आरंभी ‘नमस्कार’ आणि एक मोकळी जागा घातली आणि त्याचे तीन तुकडे झाले. माझा सेवादाता तुकड्यागणिक पैसे घेत असल्याने ते बिलात दिसले. आपण ‘नमस्कार’ चार अक्षरांत वाचतो, पण यंत्र त्यात सात खुणा मोजते, कारण स, हलन्त, क आणि काना या सर्वांची गणती स्वतंत्र होते. ‘कोल्हापूर’ हा शब्द अशा नऊ खुणांचा आहे. गूगल व्हॉइसवर पैशांचा हा प्रश्न येणार नाही, परंतु कोणी ठरावीक मेसेजांचा प्लॅन घेणार असेल तर त्याने हे लक्षात ठेवावे.

फोटोंविषयीही सांगतो. मापासाठी आम्ही ग्राहकाला कागदावर पाऊल ठेवून कडेने पेन्सिल फिरवायला आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला सांगतो. व्हॉट्सॲपवर तो फोटो बऱ्यापैकी येतो. साध्या मेसेजमधून येताना तो वाटेत इतका दाबला जातो की पावलाची रेघ दिसते, पण मोजपट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळून जातात. अंगठ्यापासून टाचेपर्यंतच्या मापात थोडी जरी चूक झाली तरी चप्पल ढिली होते, म्हणून आता मी लांबी आणि रुंदी आकड्यांत लिहून मागतो आणि फोटो केवळ पावलाचा आकार पाहण्यासाठी ठेवतो. घराच्या कागदपत्रांचे फोटो असे मेसेजवरून मागवू नयेत, ईमेलच बरा.

कोणाला धंद्यासाठी असा क्रमांक घ्यायचा असेल तर त्यांनी तेथील नियम पाळावेत. व्यवसाय म्हणून ॲप किंवा प्रणालीतून मेसेज पाठवणाऱ्याला तेथील दहा अंकी क्रमांकाची नोंदणी करावी लागते, नाहीतर मोबाइल कंपन्या ते मेसेज अडवतात. ग्राहकाची संमती नसताना जाहिराती पाठवणाऱ्यावर १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्याने दावाही होऊ शकतो. आणि घड्याळ पाहूनच मेसेज पाठवावा. न्यू जर्सी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. दुपारी दोन वाजता जेवण आटोपून निवांतपणे पाठवलेला मेसेज जूनमध्ये तेथे पहाटे साडेचारला वाजतो.

राजारामपुरीकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पंचगंगाकाठ ताईंचा अनुभव वाचून मी अर्ज करण्याची घाई थांबवली आहे आणि आज सर्व खात्यांची यादी करायला बसलो आहे. दोन शंका राहिल्या आहेत. माझे व्हॉट्सॲप अजून त्या अमेरिकी क्रमांकावरच आहे; पोर्टनंतर ते चालू राहील का? आणि माझ्या भाच्याला एका समाजमाध्यमाच्या गटात कोणीतरी ५०० रुपयांत ‘तयार अमेरिकी क्रमांक’ देऊ केला आहे. त्याला काय सांगावे?

शाहूपुरी सहावी गल्ली

भाच्याला स्पष्टपणे नाही म्हणून सांगा. तो क्रमांक ज्या खात्यावर उघडलेला असतो त्या खात्याचा मालक विकणाराच राहतो, आणि त्यावर येणारा प्रत्येक मेसेज त्याला वाचता येतो. तोच क्रमांक त्याआधी फसवणुकीसाठी वापरला गेलेला असू शकतो आणि पुढेही वापरला जाऊ शकतो. पोलीस मागावर आले तर शेवटी वापरणाऱ्याचा फोन सापडतो. मेसेज घेण्यासाठी फुकट क्रमांक देणारी काही संकेतस्थळेही आहेत. त्यांवर आलेले कोड जगात कोणालाही दिसतात. आपल्या देशात क्रमांक देण्याचा अधिकार परवानाधारक कंपन्यांनाच आहे आणि त्या ओळखपत्र तपासूनच तो देतात. सिमशिवाय चालणारा क्रमांक येथे मुळीच नव्हता असेही नाही. इंटरनेट टेलिफोनीबाबत सरकारने २०१८ मध्ये नियम स्पष्ट केल्यावर बीएसएनएलने त्याच वर्षी ‘विंग्ज’ ही ॲपवरची सेवा जाहीर केली होती. एखाद्याची अशा प्रकारात फसगत झालीच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्वरित कळवावे.

व्हॉट्सॲपविषयी सांगायचे तर, त्यांच्या सूचनांनुसार इंटरनेट क्रमांकावर नोंदणी चालत नाही. आधी नोंदलेले खाते पोर्टनंतर काही काळ चालू राहिले तरी फोन बदलताना किंवा ॲप पुन्हा बसवताना कोड मागितला जाईल आणि तेथे गाडी अडेल. त्यामुळे जुना क्रमांक चालू असतानाच सेटिंगमधील क्रमांक बदलण्याची सोय वापरून खाते भारतीय सिमवर आणावे. गप्पा आणि गट तसेच राहतात आणि संपर्कातील मंडळींना नवा क्रमांक कळवताही येतो.

यूपीआयचा प्रश्न आपण विचारला नाही, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी सांगून ठेवतो. यूपीआय ॲप नोंदणी करताना फोनमधील सिमवरून बँकेकडे स्वतः एक मेसेज पाठवते आणि त्यावरून तो फोन व तो क्रमांक एकाच माणसाच्या हाती असल्याची खात्री बँक करून घेते. २०२३ मध्ये अमेरिकेसह दहा देशांतील क्रमांकांवर अनिवासी खात्यांना यूपीआयची मुभा मिळाली, परंतु तेथेही हा मेसेज सिमवरूनच जावा लागतो. इंटरनेट क्रमांकाला सिमच नसल्याने त्यावर यूपीआय बसत नाही. आपली येथील खाती आता निवासी झालेली असतील. ती भारतीय सिमशीच जोडलेली ठेवावीत.

राजारामपुरीकर

दोन महिन्यांनी परत येऊन लिहितो आहे, कारण पुढे काय झाले हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

निघण्यापूर्वी येथूनच व्हॉट्सॲप भारतीय सिमवर आणले आणि एका बँकेत ऑथेंटिकेटर ॲप लावले. दुसऱ्या बँकेने त्याऐवजी स्वतःच्या ॲपमधूनच मंजुरी देण्याची सोय दिली. निवृत्तिवेतनाच्या संस्थेकडे मात्र मेसेजशिवाय काहीच नव्हते, म्हणून पत्नीचा अमेरिकी क्रमांक एका स्वस्त प्रीपेड प्लॅनवर ठेवून तो तेथे नोंदवला. घरातल्या वाय-फायवर त्याचे कोड येतात आणि वर्षातून चार-पाच वेळा लागणाऱ्या कामाला तेवढे पुरते. एडिसनला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पिन मागून पोर्टचा अर्ज केला. कॉल तिसऱ्या दिवशी सुरू झाले, मेसेज त्यानंतर दोन दिवसांनी. मधल्या काळात एक मेसेज हरवला. तो दलालाचा होता आणि त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला म्हणून भागले.

कोल्हापूरला परतल्यावर पहिले चार दिवस सूचना उशिरा येत होत्या. तारायंत्र काकांनी सांगितल्याप्रमाणे बॅटरीचे निर्बंध काढले तेव्हा ते थांबले. परवा संध्याकाळी कपिलतीर्थ मंडईत मेथीची जुडी निवडत असताना फोन वाजला. एडिसनच्या शेजारच्या आजींचा मेसेज होता: आमच्या गॅरेजमध्ये राहिलेले बर्फ ओढायचे फावडे त्यांनी घ्यावे का, असे विचारले होते. तेथे सकाळचे साडेआठ वाजले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि तेथेच उभे राहून, त्यांना माहीत असलेल्या त्याच क्रमांकावरून, अवश्य घ्या असे कळवले.

हा क्रमांक नियमित वापरात राहावा, असे मला वाटते. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेची आठवण फोनमध्ये लावली आहे; त्या दिवशी आजींची खुशाली विचारणारा एक मेसेज या क्रमांकावरून जाईल.